दूरच्या लेकराचे नाताळचे पत्र

(नाताळ सप्ताहासाठी अभ्यासपाठ)

वाचनपाठ : उत्पत्ती ४५:२५-२८, फिलिप्पैकरांस पत्र २:२५-३०, तीमथ्याला दुसरे पत्र ४:९-२१



बंगळूरचे यशवंतपूर पुष्कळ मराठी वाचकांस रेल्वेच्या तिकिटावरून ठाऊक असते. हुबळीकडून येणाऱ्या गाड्या येथे थांबतात. आपल्याकडील कांद्याचे ट्रक येथल्या बाजारआवारात रिकामे होतात. आणि शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा ईश्वरविज्ञानाच्या अभ्यासासाठी घर सोडलेली मराठी ख्रिस्ती मुले आईने बांधून दिलेले डबे घेऊन याच फलाटावर उतरतात. नाताळच्या फराळातील करंज्या व शंकरपाळे मागाहून पार्सलने येतात. त्या पार्सलात पूर्वी एक पत्र असे. आता बहुधा नसते, कारण बोलणे रोजच होते. या पाठाचा विषय ते पत्र आहे.

याच बंगळूर शहरात पांढरा सदरा, गळ्यात टाय आणि खिशावर नावाची काळी पट्टी अशा वेषात दोघादोघांनी फिरणारे तरुण आपल्यापैकी काहींनी पाहिले असतील. ते मॉर्मन मिशनरी होत. 'अंतिम दिवसांतील संतांची येशू ख्रिस्ताची मंडळी' असे त्या पंथाचे पूर्ण नाव. १८३० साली अमेरिकेत तो स्थापन झाला आणि १९९३ साली बंगळूर येथे त्याचे स्वतंत्र मिशन सुरू झाले. पवित्र शास्त्राच्या जोडीला 'मॉर्मनचे पुस्तक' हेही हे लोक शास्त्र मानतात, आणि त्रैक्याविषयीची त्यांची शिकवण आपल्या मंडळ्यांच्या विश्वासांगीकारापासून दूरची आहे. तो मतभेद लहान नाही. पण तो या पाठाचा विषयही नाही. त्यांचा उल्लेख येथे केला तो एवढ्यासाठी की, घरी पत्र लिहिणे हा त्यांनी सेवेचा नियमच करून ठेवला आहे.

या पंथातील मुलगा अठरा वर्षांचा झाला की दोन वर्षांच्या सेवेसाठी नाव देऊ शकतो; मुलींची सेवा दीड वर्षाची असते. कोठे जायचे हे त्याच्या हाती नसते. नेमणुकीचे पत्र येते आणि त्यात लिहिलेल्या देशी तो जातो. आठवड्यातील एक दिवस कपडे धुण्यासाठी, बाजारहाटासाठी व घरी पत्र लिहिण्यासाठी मोकळा ठेवलेला असतो. २०१९ पर्यंत नियम असा होता की, घरी दूरध्वनी वर्षातून दोनदाच करावयाचा : एकदा नाताळला आणि एकदा मातृदिनी. दोन वर्षांच्या सेवेत आईच्या कानी मुलाचा आवाज पडे तो अवघा चार वेळा. बाकी सर्व काही पत्रात. १५ फेब्रुवारी २०१९ रोजी त्या मंडळीने हा नियम बदलला आणि दर आठवड्यास घरी बोलण्याची मोकळीक दिली. हा बदल दयेचा होता यात शंका नाही. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला वर्षातून दोनच वेळा आईशी बोलू देणे ही शिस्त प्रस्तुत लेखकास तरी फार कडक वाटते. तथापि त्या जुन्या नियमाने नकळत एक गोष्ट साधली होती. पत्र लिहावयास बसलेल्या मुलाला आपण घरी काय सांगणार आणि काय सांगणार नाही, याचा दर आठवड्यास विचार करावा लागे.

या पंथाचा आपल्या प्रदेशाशी संबंध नवा नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. ह्यू फिंडले नावाचा तिशी ओलांडलेला स्कॉटिश मॉर्मन मिशनरी १८५२ च्या सप्टेंबरात मुंबईस उतरला व पुढे पुण्यास गेला. तेथील छावणीत उपदेश करण्यास लष्करी अधिकाऱ्यांनी त्याला मनाई केली, तेव्हा त्याने छावणीबाहेर काम चालविले. तो मराठी शिकला. पुढे त्याचा भाऊ ॲलन हाही त्याला येऊन मिळाला. १८५५ साली ह्यू परत गेला, आणि त्याने जमविलेली लहानशी मंडळी मागे टिकली नाही. राहिली ती त्याची रोजनिशी. त्याच्या वंशजांनी ती पुढे ग्रंथरूपाने छापली. काम नाहीसे झाले आणि कामाविषयी लिहिलेला कागद उरला, असे मिशनच्या इतिहासात वारंवार घडले आहे. फिंडलेच्या काळी मुंबईची टपाल सुएझमार्गे आगबोटीने विलायतेस महिना-दीड महिन्यात पोहोचे. त्याच्या आधी आलेल्यांना हे सुख नव्हते. अशा दोघांची पत्रे आपण जरा सावकाश पाहू. पहिले एका मुलाने वडिलांस लिहिलेले आहे, दुसरे एका जावयाने सासूस. दोघांचीही नावे आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासात आहेत.

गोव्याहून वडिलांस

'ख्रिस्तपुराण'कार फादर स्टीफन्स यांस मराठी वाचक कवी म्हणून ओळखतो. सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे प्रथम छापला गेला. पण १५७९ साली हा मनुष्य कवी नव्हता आणि त्याला मराठीचा एक शब्दही येत नव्हता. इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात जन्मलेला, रोम येथे १५७५ साली येशूसंघात दाखल झालेला, तिशीच्या उंबरठ्यावरचा तो तरुण ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून पाच गलबतांच्या ताफ्याबरोबर निघाला आणि २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचला. पुढे सतरा दिवसांनी, १० नोव्हेंबरला, त्याने वडिलांस पत्र लिहिले.

ती घाई समजण्यासारखी आहे. पोर्तुगालहून गलबते वसंत ऋतूत निघत आणि पावसाळा सरता सरता गोव्यास लागत. परतीची गलबते नाताळच्या सुमारास किंवा नव्या वर्षाच्या आरंभी येथून सुटत. नाताळच्या आसपासची ती गलबते चुकली तर पत्राला पुढच्या नाताळापर्यंत थांबावे लागे. पत्र मिळून त्याचे उत्तर येण्यास दीड-दोन वर्षे सहज लागत. डिसेंबर हा टपालाचा महिना आहे, ही गोष्ट भेटकार्डांच्या फार पूर्वीपासूनची आहे.

पत्राच्या आरंभी तो वडिलांचा आशीर्वाद मागतो व आईस नमस्कार कळवितो. मग तो जे लिहितो ते लक्षपूर्वक वाचण्यासारखे आहे. इटलीहून पोर्तुगालास निघताना आपण पत्र लिहिले होते, ते मिळाले असावे असे समजून जाण्याचे कारण पुन्हा विस्ताराने सांगण्याची गरज नाही, असे तो म्हणतो. आणि सांगावयाचेच तर एका शब्दात सांगतो. तो शब्द म्हणजे आज्ञापालन. एवढ्यावर तो विषय संपतो. पुढचे सारे लांबलचक पत्र वारा, समुद्र, मासे, पक्षी आणि तारे यांनी भरलेले आहे. गिनीच्या किनाऱ्याजवळ वारा पडून गलबते कशी अडकून पडतात, आशेच्या भूशिरापाशी काय होते, मादागास्करच्या आतल्या बाजूने जावे की बाहेरच्या, जमीन जवळ आल्याच्या खुणा कोणत्या, माडाच्या फांद्या व पोहणारे साप पाण्यावर कसे दिसू लागतात, हे तो एखाद्या मुरलेल्या खलाशाच्या बारकाईने सांगतो.

मृत्यूविषयी तो लिहितो की नाही? लिहितो. हिरड्या सुजतात, त्या कापून काढाव्या लागतात, पाय सुजतात, हातपाय हलेनासे होतात असे गलबतावरील रोगाचे वर्णन त्याने केले आहे. आज आपण त्याला स्कर्व्ही म्हणतो. ताजी फळे व भाजीपाला महिनोन् महिने न मिळाल्याने तो होतो. दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि सत्तावीस दगावली, आणि इतर वर्षांच्या मानाने हा आकडा फार समजला गेला नाही, असे तो वडिलांना कळवितो. मग लगेच सांगतो की, पुष्कळांच्या अपेक्षेविरुद्ध माझी प्रकृती वाटभर उत्तम राहिली. या 'पुष्कळांच्या अपेक्षेविरुद्ध' शब्दांपाशी थांबावे. हा प्रवास आपल्याला झेपणार नाही असे लोकांस वाटत होते, हे त्याला माहीत होते. कदाचित वडिलांनाही माहीत असेल. मुलगा भय लपवीत नाही. ते इतरांच्या अंगावर दाखवितो आणि स्वतःस त्यातून सुखरूप बाहेर काढतो. परगावच्या कोणत्याही मुलाचे पत्र आपण आठवून पाहिले तर ही रीत ओळखीची वाटेल. 'येथे डेंग्यूची साथ आहे, आमच्या खोलीतल्या दोघांना झाला, मी ठीक आहे.'

आणि आपण बहुधा परत येणार नाही, ही गोष्ट पत्राचा विषय होत नाही. स्टीफन्स परत गेला नाही. चाळीस वर्षे गोव्यात राहून १६१९ साली तो येथेच वारला. घर सोडण्याचे कारण एका शब्दात आणि समुद्रातील माशांचे वर्णन परिच्छेदच्या परिच्छेद, हे प्रमाण पाहून काहींना तो कोरडा वाटेल. प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही. त्या काळी इंग्लंडात रोमन कॅथलिक उपासनेस कायद्याने बंदी होती. ज्या मित्राबरोबर स्टीफन्स रोमला जाणार होता तो टॉमस पाउंड तुरुंगात पडला होता. अशा देशातील वडिलांच्या हाती पडणारे पत्र आणखी कोणाच्या हाती पडेल याचा नेम नव्हता. शिवाय ज्या दुःखावर उपाय नाही ते दीड वर्षाच्या अंतरावरून वडिलांपुढे मांडून काय साधणार, असेही त्याला वाटले असेल. त्याने त्याऐवजी वडिलांना एक जग दाखविले. त्यांनी कधी न पाहिलेले पक्षी त्यांच्या ओळखीचे केले. हीही ममताच आहे. फक्त ती दुसऱ्या दाराने आत येते.

पत्राचे पुढे काय झाले ते पाहा. रिचर्ड हॅक्लुट याने इंग्रज दर्यावर्द्यांच्या प्रवासवृत्तांतांचा जो मोठा संग्रह १५८९ साली छापला त्यात हे पत्र आले. हिंदुस्थानचा मार्ग शोधणाऱ्या व्यापाऱ्यांनी ते वारा व प्रवाह यांच्या माहितीसाठी वाचले. आईस कळविलेला नमस्कार त्यांच्या काय उपयोगाचा!

मॉरिशसहून सासूस

दुसरे पत्र १० डिसेंबर १८१२ चे आहे, आणि त्याची रीत अगदी उलट आहे.

अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ आपण गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईस पोहोचले तेव्हापासून धरतो. त्यांच्याच तुकडीतील सॅम्युएल न्यूएल आणि त्याची पत्नी हॅरिएट ही दोघे १९ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम बंदरातून 'कॅरव्हान' गलबताने निघाली होती. लग्नाला दहा दिवस झाले होते. हॅरिएटचे वय अठरा. वडील काही वर्षांपूर्वी वारलेले. हेव्हरहिल गावी विधवा आई व भावंडे. जून महिन्यात ती कलकत्त्यास पोहोचली, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने त्यांना देश सोडून जाण्याची आज्ञा केली. ऑगस्टात न्यूएल पतिपत्नी मॉरिशसला जाणाऱ्या गलबतावर चढली. वादळे झाली, गलबतास गळती लागली, हॅरिएट आजारी पडली. ऑक्टोबरात समुद्रावरच तिला मुलगी झाली व पाच दिवसांत गेली. मॉरिशसला पोहोचल्यावर ३० नोव्हेंबर रोजी क्षयाने हॅरिएट वारली. तिला एकोणीस वर्षे पुरी होऊन दोन महिनेही झाले नव्हते. कोणत्याही मिशनस्थानी तिला एक दिवसही काम करावयास मिळाले नाही.

त्यानंतर दहा दिवसांनी त्या परक्या बेटावर एकट्या बसलेल्या न्यूएलने तिच्या आईस पत्र लिहिले. ज्या आईने दहा महिन्यांपूर्वी अठरा वर्षांची मुलगी आपल्या हाती दिली तिला काय लिहावे, हा प्रश्न त्याच्यापुढे होता. तो प्रथम तिला 'आई' म्हणून हाक मारतो. आपण परक्यांच्या देशात आहोत हे सांगतो. मग तिला आपल्याबरोबर रडावयास बोलावतो, कारण जी गेली ती दोघांचीही होती. आणि त्यानंतर, आडवळण न घेता, हॅरिएट गेली हे लिहितो. पुढे तो क्रमाने सर्व सांगतो : प्रवास, बाळाचा जन्म, बाळाचे जाणे, दुखणे कसे वाढले, वैद्य काय म्हणाले, शेवटच्या दिवसांत हॅरिएट काय बोलली, आई व भावंडांसाठी तिने कोणते निरोप ठेवले. त्याने आईपासून काहीही राखून ठेवलेले नाही. ज्या बिछान्यापाशी आईने असावयास हवे होते तेथे त्याने तिला पत्रातून नेऊन बसविले.

वाईट बातमी कशी लिहावी हे शिकावयाचे असेल तर या पत्राचा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. नाते प्रथम, मग दुःखात सहभाग, मग एका वाक्यात सत्य, आणि मगच तपशील. आपल्याकडे याच्या नेमके उलट होते. 'तब्येत जरा बरी नाही, ताबडतोब निघा' एवढेच कळविले जाते आणि पोराला सारा प्रवास तर्क करीत काढावा लागतो. यशवंतपूरहून पुणे गाठावयास रात्र व दिवसाचा बराच भाग लागतो. ती रात्र अनिश्चिततेत घालविलेला मनुष्य घरी पोहोचल्यावर प्रथम 'मला खरे का सांगितले नाही?' असे विचारतो, आणि पुष्कळदा ते वर्षानुवर्षे विसरत नाही.

न्यूएल पुढे सिलोनमार्गे १८१४ साली मुंबईस आला आणि हॉलबरोबर काम करू लागला. ३० मे १८२१ रोजी तो मुंबईतच पटकीने वारला. हॉलही पटकीनेच गेला, २० मार्च १८२६ रोजी नाशिक जिल्ह्यातील दोडी-दापूर येथे, प्रवासात असताना. त्याची पत्नी मुलांच्या प्रकृतीसाठी आदल्या वर्षी अमेरिकेस निघाली होती. पती गेल्यानंतर कित्येक महिने तिच्या लेखी तो जिवंत होता. त्या महिन्यांत तिने त्याच्यासाठी ज्या प्रार्थना केल्या असतील त्यांचा विचार मनातून जात नाही.

हॅरिएटची पत्रे व रोजनिशी १८१४ साली अमेरिकेत पुस्तकरूपाने निघाली आणि घरोघर वाचली गेली. ती वाचून अनेक तरुण स्त्रिया मिशनकार्याकडे वळल्या, हे खरेच. पण एका आईला आलेले पत्र साऱ्या देशाचे झाले, हेही खरे. आज मिशनक्षेत्रातील मुलाचे पत्र दोनशे माणसांच्या समूहाला एकाच वेळी जाते. अशा पत्रात किती घरे भेट दिली, किती सभा झाल्या, कोणत्या गोष्टीसाठी प्रार्थना करावी हे सर्व असते, आणि आईला हवे ते नसते. देणगीदार, पाळक, जुने शिक्षक आणि आई ही एकाच वेळी वाचणार आहेत हे माहीत असताना 'काल रात्री मला रडू आले' असे कोण लिहील? अहवाल अवश्य पाठवावा. पण त्याला घरचे पत्र समजू नये. ते निराळे लिहावे, मग ते चारच ओळींचे का असेना.

पौलाचा झगा

आता शास्त्रपाठाकडे वळू. फिलिप्पै येथील मंडळीने तुरुंगातील पौलासाठी एपफ्रदीताच्या हाती देणगी पाठविली. तो तेथे आजारी पडला आणि आजाराची बातमी फिलिप्पैस गेली. पंचवीस ते तीस ही वचने सावकाश वाचावीत. एपफ्रदीताला मनस्ताप झाला तो कशामुळे? आजारामुळे, असे पौल म्हणत नाही. आपण आजारी असल्याचे घरी कळले, याचा त्याला मनस्ताप झाला. परगावी असलेल्या प्रत्येक मुलाच्या मनाची ही अवस्था पौलाने एका वाक्यात पकडली आहे. स्वतःचे दुखणे सोसवते, पण आईची काळजी सोसवत नाही. म्हणूनच तर तो 'मी ठीक आहे' असे लिहितो.

पौल मात्र झाकून ठेवीत नाही. एपफ्रदीत मरणाच्या दारी पोहोचला होता हे तो स्पष्ट लिहितो, आणि एकदा नव्हे, दोनदा. तो गेला असता तर आपल्याला दुःखावर दुःख झाले असते, अशी स्वतःच्या मनाची कबुलीही देतो. मग त्याला घरी पाठवितो, आणि मंडळीस सांगतो की त्याचे आनंदाने स्वागत करा, अशांचा मान राखा. हे सांगण्याची गरज का पडली असावी? सेवेसाठी पाठविलेला माणूस काम अर्धवट टाकून परत आला, अशी कुजबूज होण्याचा संभव होता. ती आपल्याकडेही होते. सेमिनरीतून किंवा मिशनक्षेत्रातून आजारामुळे, मनाच्या थकव्यामुळे वेळेआधी परतलेल्या मुलाला रविवारच्या उपासनेत मागच्या बाकावर बसावेसे वाटते, आणि ते त्याच्या आईलाही जाणवते. मॉर्मन कुटुंबांतही हे दुःख पुष्कळ आहे. दोन वर्षे पुरी न करता आलेला मुलगा तेथेही मान खाली घालून वावरतो. पौलाचे पत्र अशा माणसाच्या हाती दिलेले प्रशस्तिपत्र आहे. तो पोहोचण्याआधी कोणी काही बोलू नये म्हणून ते त्याच्याबरोबरच पाठविलेले आहे.

दुसरा पाठ तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा. येथे दूर असलेला माणूस वृद्ध आहे आणि घरच्याच्या जागी तरुण शिष्य आहे. पौल काय मागतो? त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा, पुस्तके आणि विशेषतः चर्मपत्रे. आणि हिवाळ्यापूर्वी ये, असे सांगतो. केवढी साधी मागणी! ज्याने इतक्या मंडळ्यांना धीर दिला त्याला थंडी वाजत होती, आणि ते लिहिण्यास त्याला संकोच वाटला नाही. देमास सोडून गेला, लूक तेवढा जवळ आहे, हेही त्याने लिहिले.

आपली मुले बहुतेक पत्रांत 'मला काही नको' असे लिहितात. त्यात सद्भाव असतो, पण आई रिकाम्या हाताने बसून राहते. मुलाने 'मागच्या वेळची गोधडी पाठव' असे लिहिले तर तिच्या हातांना काम मिळते. ती गोधडी धुणे, उन्हात घालणे, शिवलेल्या पिशवीत भरणे, पोस्टात जाणे, हा सारा आठवडा ती त्याच्याबरोबर असते. मागणे हीसुद्धा देण्याची एक रीत आहे, हे पौलाने कोठे शिकविले नाही, पण करून दाखविले.

घरून जाणारी पत्रे

आजवर छापली गेलेली पत्रे बहुधा बाहेर गेलेल्यांची आहेत. घरून गेलेली पत्रे फारशी कोणी जपली नाहीत. स्टीफन्सच्या आईने काय लिहिले, लिहिता येत नसल्यास कोणाकडून लिहवून घेतले, हे आपल्यापुढे नाही. म्हणून या बाजूचा विचार आपणच करावयाचा आहे.

घरची माणसेही लपवितात. वडिलांच्या छातीत दुखले, पण मुलाचे सत्र संपेपर्यंत सांगावयाचे नाही. शेताचा तुकडा विकावा लागला, पण नाताळ होऊन जाऊ दे. हेतू चांगलाच असतो, सेवेत असलेल्याचे मन विचलित होऊ नये. मॉर्मन मंडळीने दूरध्वनीवर जी मर्यादा घातली होती तिच्यामागेही हाच विचार होता. परंतु काय होते पाहा : मुलगा वाईट ते लिहीत नाही, घरचे वाईट ते कळवीत नाहीत, आणि दोन्हीकडची पत्रे कुशलमंगलाने भरून जातात. दोन्हीकडे माणसे एकटी रडतात. परस्परांवरील प्रेमापायीच ती परस्परांना परकी होत जातात. दृश्यसंवादाने यात फरक पडला असे मानू नये. पडद्यावर चार मिनिटे हसून दाखविणे हे पत्रात हसून दाखविण्यापेक्षा सोपेच आहे. आणि दुखणाईत वडिलांना पडद्याबाहेर बसविणे तर फारच सोपे.

मुलास त्याच्या घराच्या दुःखातील वाटा न देणे म्हणजे त्याला अर्धा परका करणे होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ज्या प्रभूच्या नावाने तो बाहेर पडला त्या प्रभूच्या जन्माच्या रात्रीही घरची सोय नव्हती, आणि शुभवर्तमानकाराने गोठ्यातील गव्हाण झाकून ठेवलेली नाही. तरी सर्वच गोष्टी सर्व वेळी सांगाव्यात असा याचा अर्थ नव्हे. स्टीफन्सने ज्याला उपाय नव्हता ते वगळले, आणि त्याला दोष देता येत नाही. सांगण्याने समोरच्याला काही करता येणार आहे काय, निदान प्रार्थना तरी नेमकी करता येणार आहे काय, आणि न सांगितले तर पुढे कळल्यावर त्याला फसविल्यासारखे वाटेल काय, या दोन कसोट्या बऱ्याच प्रसंगी पुरतात. वडिलांचे दुखणे दोन्ही कसोट्यांवर सांगण्याच्याच बाजूस पडते.

उत्पत्तीच्या पाठात याकोबाला योसेफ जिवंत असल्याची वार्ता मिळते आणि तिच्यावर त्याचा विश्वास बसत नाही. खोटी वार्ता त्याने पूर्वी एकदा खरी मानली होती, रक्ताने माखलेल्या झग्याच्या रूपाने आलेली. शब्दांवरचा विश्वास त्यानंतर उडाला असावा. योसेफाने पाठविलेल्या गाड्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा त्याचा जीव ताजा झाला. येथे अभ्यासवर्गापुढे एक कठीण प्रश्न ठेवावासा वाटतो, आणि वर्ग चालविणाऱ्यांनी तो घाईने सोडवू नये. सुबत्तेची सात वर्षे आणि दुष्काळाची दोन, अशी नऊ वर्षे योसेफ मिसर देशाचा अधिकारी होता. गाड्या, नोकर, सांडणीस्वार सारे त्याच्या हाती होते. या नऊ वर्षांत त्याने वडिलांस निरोप का पाठविला नाही? शास्त्र कारण देत नाही. ज्यांच्या घरात असे मौन आहे त्यांना उत्तरे सुचतील, आणि ती एकमेकांसारखी नसतील.

वर्गातील तरुणांनी या आठवड्यात घरी हाताने एक पत्र लिहावे. त्यात एखादी वस्तू मागावी आणि आजवर न सांगितलेली एक गोष्ट सांगावी. घरच्यांनी उत्तर लिहिताना न्यूएलच्या पत्राचा क्रम ध्यानात ठेवावा. मग पुढच्या बैठकीत फिलिप्पैच्या पत्रातील ती सहा वचने पुन्हा मोठ्याने वाचावीत आणि पौलाने न लिहिलेल्या एका गोष्टीचा विचार करावा : एपफ्रदीत आजारी असल्याची बातमी फिलिप्पैस कोणी नेली असेल, आणि ती त्याच्या घरी सांगावी की नाही याविषयी त्या माणसाने वाटेत काय ठरविले असेल?